डिस्क वाजली, पण नेमकं काय वाजलं?

संगणकात डिस्क घातली, प्लेअरमध्ये गाण्यांची यादी आली आणि आवाज सुरू झाला, की काम झालं असं आपण धरून चालतो. साध्या ऑडिओ सीडीपुरतं ते ठीक आहे. पण वेष्टनावर एसएसीडी, एचडीसीडी किंवा डीव्हीडी-ऑडिओ असं, म्हणजे साध्या सीडीपेक्षा सरस आवाजाच्या एखाद्या फॉरमॅटचं नाव छापलेलं असेल, तर नुसता आवाज येण्यावरून काहीच सिद्ध होत नाही. एसएसीडी घातली की बहुतेक वेळा तिच्यातला साध्या सीडीचा थर वाजतो. एचडीसीडी वाजते, पण तिच्यात लपवलेल्या सूचना कुणी वाचतच नाही. डीव्हीडी-ऑडिओचा सर्वांत चांगला भाग बाजूला राहतो आणि व्हिडिओ प्लेअरसाठी ठेवलेला, आकार कमी केलेला आवाज ऐकू येतो. चूक झाल्याचा संदेश पडद्यावर कुठेच येत नाही. ज्यासाठी ती डिस्क घेतली, ते कानापर्यंत पोचलंच नाही हे कळायला मार्ग नसतो.

'हा प्लेअर ही डिस्क चालवतो का?' या प्रश्नाच्या पोटात खरं तर चार प्रश्न आहेत. ड्राइव्हला तो थर दिसतो का? दिसला, तर त्यावरचं कुलूप उघडतं का? उघडलं, तर प्लेअरला आतली रचना ओळखून उलगडता येते का? आणि उलगडलेला आवाज डॅकपर्यंत, म्हणजे आकड्यांचं ध्वनीत रूपांतर करणाऱ्या उपकरणापर्यंत जाताना वाटेत कुणी त्यात फेरफार करतं का? प्रत्येक फॉरमॅट यातल्या वेगळ्या ठिकाणी अडतो. कुठे अडला ते कळलं की उपाय शोधणं सोपं जातं. नाहीतर माणसं एकामागून एक प्लेअर बदलत राहतात आणि अडचण मात्र ड्राइव्हमध्ये असते.

मूळ सीडीत जागा किती?

सोनी आणि फिलिप्स यांनी १९८० मध्ये ऑडिओ सीडीचं मानक ठरवलं, त्याला रेड बुक म्हणतात. १९८२ मध्ये डिस्क बाजारात आल्या. दर सेकंदाला ४४,१०० सॅम्पल, म्हणजे आवाजाच्या लहरीची मापं, प्रत्येक सॅम्पल १६ बिटांचं, चॅनल दोन. हिशेब केला तर सेकंदाला १,७६,४०० बाइट होतात. हा एक सेकंद ७५ सेक्टरमध्ये वाटलेला असतो, म्हणून प्रत्येक सेक्टरमध्ये २३५२ बाइट संगीत.

ऑडिओ सीडीवर फाइल नावाची गोष्टच नसते. विंडोजमध्ये अशी सीडी उघडली की सीडीए नावाच्या छोट्या फाइली दिसतात, पण त्या प्रत्येकी फक्त ४४ बाइटच्या असतात आणि त्यात गाण्याचा एक कणही नसतो. ट्रॅक कुठे सुरू होतो याची ती नोंद असते. त्या कॉपी करून पेन ड्राइव्हवर घेतल्या आणि गाणी वाजेनात, हा अनुभव पुष्कळांनी घेतलेला आहे.

या ठरलेल्या मापात नंतरच्या लोकांना काही वाढवायचं होतं. जुन्या प्लेअरवर डिस्क चालली पाहिजे ही अट होतीच. मग जागा शोधल्या गेल्या. प्रत्येक सेक्टरबरोबर ९६ बाइटचा सबकोड जातो, त्यात थोडी जागा होती. संगीत संपल्यावर डिस्कच्या बाहेरच्या कडेला जागा होती. सॅम्पलच्या सर्वांत खालच्या बिटात जागा होती. एका फॉरमॅटने तर संगीताचीच जागा घेतली आणि तिथे दुसरंच काही भरलं.

गाण्यांची नावं आणि दुसरं सेशन

सबकोडमध्ये गेली ती सीडी-टेक्स्ट, १९९६ सालची. डिस्कच्या सुरुवातीच्या भागात, संगीताच्याही आधी, ट्रॅकची आणि कलाकाराची नावं साधारण पाच हजार अक्षरांपर्यंत ठेवता येतात. ती वाचण्यासाठी प्लेअरला ड्राइव्हकडे वेगळी मागणी करावी लागते आणि ड्राइव्हला ती समजावी लागते. लिपींची सोय तुटपुंजी आहे: रोमन अक्षरं आणि जपानी. देवनागरीला तिथे जागा नाही. म्हणून बहुतेक प्लेअर दुसराच मार्ग धरतात. प्रत्येक ट्रॅक कुठल्या सेक्टरला सुरू होतो त्या आकड्यांवरून डिस्कची ओळख तयार करतात आणि इंटरनेटवरच्या माहितीसाठ्यात ती शोधतात. फ्रीडीबी हा असा एक साठा २०२० मध्ये बंद झाला. म्युझिकब्रेन्झ सुरू आहे आणि तिथे कुठल्याही लिपीत नावं भरता येतात.

सेशन म्हणजे डिस्कवर स्वतंत्रपणे लिहिलेला भाग. असं दुसरं सेशन असलेली ती एनहान्स्ड सीडी. आधीच्या मिश्र सीडींमध्ये पहिला ट्रॅक संगणकाच्या डेटाचा असे. घरच्या प्लेअरवर तो लावला तर काही प्लेअर तो डेटा आवाज समजून वाजवत आणि स्पीकरमधून कर्कश गोंगाट येई. १९९५ मध्ये ब्लू बुक हे मानक आलं आणि त्याने क्रम उलटा केला: आधी संगीताचं सेशन, मग डेटाचं. जुना प्लेअर पहिलं सेशन वाजवतो आणि थांबतो. संगणकाला दुसरंही दिसतं, त्यात व्हिडिओ, चित्रं, गाण्यांचे शब्द असं काही असतं.

प्लेअर लिहिणाऱ्यांना इथे एक बारीक खड्डा असतो. दोन सेशनच्या मध्ये ११,४०० सेक्टरची मोकळी जागा असते, म्हणजे २ मिनिटं ३२ सेकंद. ती वजा करायला विसरलं, तर शेवटचं गाणं अडीच मिनिटांनी लांब दिसतं, रिप करताना, म्हणजे गाणी संगणकात उतरवून घेताना, शेवटी वाचनाची चूक येते आणि माहितीसाठ्यात डिस्क सापडत नाही. शेवटच्याच ट्रॅकला अशी अडचण येत असेल, तर डिस्कवर ओरखडा शोधण्याआधी तिच्यावर दुसरं सेशन आहे का ते पाहावं.

या दुसऱ्या सेशनचा फार वाईट वापरही झाला. २००५ मध्ये सोनी बीएमजी या संगीत कंपनीच्या काही सीडींमध्ये कॉपीला आळा घालणारं सॉफ्टवेअर होतं. डिस्क घातल्यावर ते विंडोजमध्ये शिरून स्वतःला लपवत असे. विंडोजचे जाणकार मार्क रुसिनोविच यांनी त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये ते उघडकीला आणलं, खटले झाले आणि डिस्क परत मागवाव्या लागल्या. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: प्लेअरने दुसरं सेशन आहे एवढं सांगावं, त्यातल्या फाइली दाखवाव्यात, पण त्यातलं काहीही आपणहून चालवू नये.

एचडीसीडी: सर्वांत खालच्या बिटातल्या सूचना

सीडीच्या चौकटीत बसवलेल्या सगळ्या युक्त्यांमध्ये मला ही सर्वांत हुशार वाटते. पॅसिफिक मायक्रोसॉनिक्स या कंपनीने १९९० च्या दशकात ती आणली. १६ बिटांतल्या सर्वांत खालच्या बिटाचं मोल अगदी थोडं असतं, तो बदलला तरी कानाला कळणं अवघड. त्या बिटात अधूनमधून सांकेतिक सूचना पेरलेल्या असतात. पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने बारीक टिपा लिहाव्यात, ज्याला वाचता येतील त्याने वाचाव्यात आणि बाकीच्यांचं वाचन अडू नये, तसा हा प्रकार आहे.

सूचना काय असतात? ध्वनिमुद्रण करताना आवाजाची टोकं दाबलेली असतील, तर 'ही टोकं पुन्हा वर उचल' अशी एक सूचना असते. याने साधारण ६ डेसिबलपर्यंतची उंची परत मिळते. फार हळू आवाजाचे भाग मुद्रण करताना थोडे वर चढवलेले असतील, तर 'हे खाली आण' अशी दुसरी. उलगडल्यावर १६ ऐवजी सुमारे २० बिटांची श्रेणी मिळते. न उलगडता वाजवली तर गाणं ऐकायला ठीकच लागतं, फक्त ढोलावरची थाप थोडी बसकी आणि हळू-मोठ्यातला फरक थोडा कमी. कुणाला काही बिघडलंय असं वाटतही नाही, आणि हीच अडचण आहे.

मायक्रोसॉफ्टने २००० मध्ये ही कंपनी विकत घेतली आणि विंडोज मीडिया प्लेअरमध्ये एचडीसीडी उलगडण्याची सोय आली. फूबार२००० या प्लेअरसाठी वेगळं प्लगइन, म्हणजे वरून जोडायचा छोटा प्रोग्रॅम आहे. एफएफएमपेग या आवाज-व्हिडिओ उलगडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येही एचडीसीडीचं फिल्टर आहे, त्यामुळे रिप केलेल्या फाइलीही नंतर उलगडता येतात.

यात एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवायला हवी. सूचना सर्वांत खालच्या बिटात असल्याने त्या बिटाला जरा धक्का लागला तरी त्या पुसल्या जातात. सॉफ्टवेअरमध्ये आवाज एक टक्का कमी केला, इक्वलायझर लावला, ४४.१ चं ४८ किलोहर्ट्झ केलं, की सूचना गेल्या. एमपी३ मध्ये तर त्या राहण्याचा प्रश्नच नाही. फ्लॅकसारख्या, काहीही न गमावणाऱ्या फॉरमॅटमध्ये रिप केलं तर प्रत्येक बिट जसाच्या तसा राहतो. म्हणून प्लेअरमध्ये एचडीसीडीचं उलगडणं सगळ्यांत आधी झालं पाहिजे आणि आवाज, इक्वलायझर, बाकी सगळं त्यानंतर.

आणखी एक. पुष्कळ डिस्कमध्ये एचडीसीडीचा संकेत सापडतो, पण टोकं उचलण्याची सूचना नसतेच. कंपनीचं रूपांतरक यंत्र स्टुडिओत वापरलं म्हणून संकेत उमटला, एवढंच. अशा डिस्कला प्लेअरवरचा एचडीसीडीचा दिवा लागतो आणि मिळत काही नाही. चांगलं प्लगइन 'एचडीसीडी आहे' एवढ्यावर थांबत नाही, कुठली सूचना वापरली आहे तेही सांगतं. उलगडताना वर उचलल्या जाणाऱ्या टोकांसाठी जागा ठेवायची म्हणून एकूण आवाज खाली उतरवलेला असतो, त्यामुळे उलगडलेलं गाणं कमी आवाजात वाजतं. ते बिघडलं असं समजू नये. मात्र गाण्यांचा आवाज समान करणारं रीप्लेगेन आधी मोजलेलं असेल, तर ते पुन्हा मोजावं लागतं.

एमक्यूए सीडीचीही धाटणी थोडी अशीच, म्हणजे साध्या सीडीच्या मापात जास्तीची माहिती घालायची आणि ती उलगडायला खास साधन लागायचं. तिच्यामागची कंपनी २०२३ मध्ये अडचणीत आली आणि लेनब्रुक या कंपनीने तिची मालमत्ता घेतली. एसएचएम-सीडी, ब्लू-स्पेक सीडी या जपानी डिस्कांसाठी मात्र प्लेअरमध्ये काहीही लागत नाही. त्यांचं वेगळेपण प्लॅस्टिकात आणि कारखान्यातल्या प्रक्रियेत आहे. आतले आकडे साध्या सीडीचेच, त्यामुळे 'एसएचएम-सीडी चालवणारा प्लेअर' शोधत बसायची गरज नाही.

डीटीएस सीडी

डीटीएस म्हणजे अनेक चॅनलचा आवाज दाबून साठवण्याची पद्धत. इथे संगीताची जागाच दुसऱ्या गोष्टीने घेतलेली आहे. सीडीच्या १४११ किलोबिटांच्या प्रवाहात सहा चॅनलचा, आकार कमी केलेला डीटीएस आवाज भरलेला असतो. ड्राइव्हच्या दृष्टीने ही साधी ऑडिओ सीडी. ओळखू न शकणारा प्लेअर ते बिट सरळ आवाज म्हणून वाजवतो आणि स्पीकरमधून सलग, जोरदार फसफस येते. डिस्क खराब आहे असं समजून पुष्कळांनी अशा सीडी बाजूला टाकल्या असतील. पहिल्यांदा लावताना आवाज अगदी कमी ठेवावा, हा सल्ला मी आवर्जून देईन.

प्लेअरला काय करावं लागतं? येणाऱ्या आकड्यांमध्ये डीटीएसची ठरलेली खूण शोधायची. ती ठराविक अंतराने पुन्हा पुन्हा सापडली, की हे संगीत नसून गुंडाळलेला डेटा आहे असं ठरवून तो डिकोडरकडे द्यायचा. रिप केलेल्या फ्लॅक फाइलीतही तोच डेटा असतो, पण फाइलीच्या नावावरून ते कळत नाही. त्यामुळे प्लगइनला प्रत्येक ४४.१ किलोहर्ट्झच्या फाइलीकडे थोडं संशयाने पाहावं लागतं. अशी फ्लॅक फाइल नेहमीच्या गाण्यासारखी लहान होत नाही, कारण आधीच दाबलेला डेटा गोंगाटासारखा असतो आणि फ्लॅकला त्यात पुनरावृत्ती सापडत नाही. फाइलीचा आकार पाहूनही शंका घेता येते.

एसएसीडी: कुलूप ड्राइव्हपाशीच

सोनी आणि फिलिप्स यांनीच १९९९ मध्ये सुपर ऑडिओ सीडी आणली. इथे १६ बिटांची सॅम्पल नाहीत. फक्त एक बिट, पण सेकंदाला २८,२२,४०० वेळा, म्हणजे सीडीच्या ४४,१०० च्या बरोबर ६४ पट. या पद्धतीला डीएसडी म्हणतात. एक बिट काही मोठेपणा सांगत नाही. जवळपासच्या बिटांमध्ये एक किती आणि शून्य किती, यावरून लहरीची उंची ठरते.

डिस्कवर ४.७ जीबीचा दाट थर असतो. पुष्कळ एसएसीडी हायब्रिड असतात, म्हणजे त्याखाली साध्या सीडीचाही थर असतो. संगणकाचा डीव्हीडी ड्राइव्ह हा सीडीचा थर वाचतो आणि आपल्याला वाटतं एसएसीडी वाजली. दाट थरावर कूटलेखन आहे आणि डिस्कच्या खळग्यांच्या मापातच एक खूण कोरलेली आहे. ती ओळखण्याची सोय संगणकाच्या ड्राइव्हमध्ये दिलेलीच नाही. म्हणजे चारपैकी पहिल्याच प्रश्नावर गाडी अडते, आणि कितीही चांगला प्लेअर टाकला तरी पुढे जात नाही.

मग फूबार२००० चं एसएसीडी प्लगइन किंवा जेरिव्हर मीडिया सेंटर 'एसएसीडी चालवतो' म्हणतात ते काय? ते डिस्कची पूर्ण प्रतिमा असलेली आयएसओ फाइल किंवा डीएसएफ, डीएफएफ या डीएसडी साठवणाऱ्या फाइली चालवतात. प्लेस्टेशन ३ च्या सुरुवातीच्या मॉडेलांमध्ये एसएसीडी वाचणारा ड्राइव्ह होता, आणि जुन्या फर्मवेअरवर, म्हणजे यंत्रातल्या मूळ सॉफ्टवेअरवर, त्यातून प्रतिमा काढण्याची वाट लोकांनी शोधली. पुढे काही ब्लू-रे प्लेअरमधूनही नेटवर्कवरून ते जमलं. आपल्याच विकत घेतलेल्या डिस्कचं कुलूप उघडण्यालाही अनेक देशांचे कायदे मनाई करतात, हे मात्र आधी तपासून घ्यावं.

प्रतिमा हाती आली तरी उलगडण्याचं काम उरतं. एका डिस्कवर स्टिरिओ आणि सहा चॅनल असे दोन स्वतंत्र विभाग असू शकतात. ७४ मिनिटांच्या संगीतासाठी दोन्ही मिळून सुमारे १२.५ जीबी लागतील आणि जागा आहे ४.७ जीबी. म्हणून डीएसटी नावाची, काहीही न गमावता आकार कमी करणारी पद्धत वापरलेली असते. ती उलगडणं प्रोसेसरला जड जातं. सहा चॅनलची डिस्क अडखळत वाजत असेल तर बहुधा कारण हेच. प्लेअरमध्ये कुठला विभाग हवा ते निवडण्याची सोय हवी, नाहीतर प्रत्येक गाणं यादीत दोनदा दिसतं आणि दोन स्पीकर असलेला माणूस सहा चॅनलची आवृत्ती ऐकत बसतो.

यानंतर निवड करायची असते: डीएसडी तसंच डॅककडे पाठवायचं, की सीडीसारख्या बहुबिट पीसीएममध्ये बदलायचं? तसंच पाठवलं तर प्लेअरमधला आवाजाचा सरकता दांडा काम करत नाही. कारण साधं आहे: एका बिटाला अर्ध्याने गुणलं तर उत्तर एका बिटात मावत नाही. इक्वलायझरचंही तेच. पीसीएममध्ये बदललं की हे सगळं जमतं, पण मग बदलणाऱ्या फिल्टरची गुणवत्ता महत्त्वाची ठरते. डीएसडीमध्ये कानाच्या पलीकडच्या वरच्या पट्टीत भरपूर गोंगाट ढकललेला असतो आणि तो गाळून टाकावा लागतो. बदलताना ८८.२ किंवा १७६.४ किलोहर्ट्झ निवडावं, कारण ते ४४.१ च्या पाढ्यातले आकडे आहेत आणि भागाकार सरळ जातो.

बदललेला आवाज थोडा कमी येतो, त्याचंही कारण आहे. एसएसीडीची शून्य डेसिबलची पातळी डीएसडीच्या कमाल मर्यादेच्या निम्म्यावर ठरवलेली आहे. म्हणून प्लगइनमध्ये ६ डेसिबल वाढवण्याचा पर्याय दिसतो. पण काही डिस्कवर टोकं त्या पातळीच्या वर जातात आणि वाढवल्यावर ती कापली जातात. मी तो पर्याय बंद ठेवून डॅकवर किंवा अॅम्प्लिफायरवर आवाज वाढवणं पसंत करतो.

गाणी बदलताना 'टक' असा आवाज येण्याची तक्रारही नेहमीची. पीसीएममध्ये सगळे शून्य म्हणजे शांतता. डीएसडीमध्ये सगळे शून्य म्हणजे लहर खालच्या टोकाला ढकललेली. तिथे शांततेसाठी एक आणि शून्य सारख्या प्रमाणात मिसळलेला ठराविक नमुना पाठवावा लागतो. प्लेअरने तो पाठवला नाही, की स्पीकरला धक्का बसतो.

डीव्हीडी-ऑडिओ आणि ब्लू-रे

एसएसीडीच्याच काळात डीव्हीडी फोरमने डीव्हीडी-ऑडिओचं मानक केलं. इथे ड्राइव्हचा प्रश्न नाही, संगणकाचा साधा डीव्हीडी ड्राइव्ह डिस्क वाचतो. डिस्क उघडली तर दोन फोल्डर दिसतात, एक व्हिडिओ-टीएस आणि दुसरा ऑडिओ-टीएस. खरं उच्च दर्जाचं संगीत दुसऱ्यात असतं. व्हिडिओसाठी बनलेले प्लेअर सवयीने पहिल्या फोल्डरकडे जातात आणि तिथला डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस आवाज वाजवतात. चित्रावर गाण्याचं नाव येतं, आवाज येतो, आणि पुन्हा तेच: वाजलं म्हणून जमलं असं वाटतं.

ऑडिओ-टीएसमध्ये स्टिरिओ २४ बिट १९२ किलोहर्ट्झपर्यंत, किंवा सहा चॅनल २४ बिट ९६ किलोहर्ट्झपर्यंत असू शकतात. सहा चॅनलचा हिशेब केला तर सेकंदाला १३.८ मेगाबिट होतात, आणि डीव्हीडी-ऑडिओची मर्यादा आहे ९.६ मेगाबिट. म्हणून मेरिडियन कंपनीची एमएलपी ही न गमावणारी पद्धत घेतली. हीच पुढे डॉल्बी ट्रूएचडीचा पाया झाली. एफएफएमपेग दोन्ही उलगडतं. कुलूप सीपीपीएम नावाचं, पण सगळ्याच डिस्कवर ते नसतं. कुलूप नसलेली डिस्क फूबार२००० च्या डीव्हीडी-ऑडिओ प्लगइनमध्ये थेट उघडते.

प्लगइन लिहिणाऱ्याचा कस लागतो तो बारकाव्यांत. पुढच्या चॅनलचा सॅम्पल दर एक आणि मागच्यांचा दुसरा, असंही या मानकात चालतं. सगळे एका दरावर आणल्याशिवाय ते एकत्र वाजत नाहीत. शिवाय दोनच स्पीकर असतील तर सहा चॅनल कुठल्या प्रमाणात मिसळायचे, त्याचे आकडे निर्मात्याने डिस्कवरच लिहून ठेवलेले असू शकतात. साधा प्लेअर ते न पाहता आपल्या ठरीव प्रमाणात मिसळतो, आणि मग गायकाचा आवाज मागे गेल्यासारखा वाटतो. तो दोष मुद्रणाचा नसतो.

ब्लू-रेवरची संगीताची डिस्क आज यातली सर्वांत जिवंत शाखा आहे, विशेषतः बहुचॅनल आणि अॅटमॉसच्या, म्हणजे डॉल्बीच्या चहूबाजूंनी आवाज देणाऱ्या पद्धतीच्या, आवृत्त्यांसाठी. युनिव्हर्सल या संगीत कंपनीने २०१३ मध्ये 'हाय फिडेलिटी प्युअर ऑडिओ' या नावाखाली अशा डिस्क काढल्या. आवाज पीसीएम, ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओमध्ये असतो. संगणकावर अडथळा एएसीएस या कुलपाचा. ते पार झालं की उलगडणारे डिकोडर प्लेअरमध्ये असतातच.

वाटेतला फेरफार

चौथा प्रश्न सर्वांत जास्त विसरला जातो. विंडोजमध्ये सगळ्या प्रोग्रॅमचे आवाज एका मिक्सरमधून जातात आणि तो सगळं एका ठरलेल्या दरावर आणतो. ९६ किलोहर्ट्झचं संगीत काळजीपूर्वक उलगडलं आणि मिक्सर ४८ वर बसवलेला असेल, तर पुढे ४८ च जातं. म्हणून प्लेअरमध्ये वासापी एक्सक्लुझिव्ह किंवा एसिओ हा मार्ग निवडतात. त्यात मिक्सर बाजूला होतो.

डीएसडी पाठवायची एक प्रचलित पद्धत म्हणजे डीओपी. डीएसडीचे १६ बिट उचलायचे, वर ८ बिटांची खूण लावायची, आणि २४ बिट १७६.४ किलोहर्ट्झचं पीसीएम आहे असं दाखवून डॅककडे द्यायचं. डॅकला खूण दिसली की तो आतलं डीएसडी काढून घेतो. वाटेत आवाज किंचित जरी कमी केला तर खूण मोडते आणि डॅक ते खरंच पीसीएम समजून वाजवतो. ऐकू येते फक्त खरखर. डीटीएसचा प्रवाह न उलगडता बाहेरच्या रिसीव्हरकडे पाठवतानाही हेच होतं. दोन्हीकडे संगणकावरचा आवाज १०० टक्के ठेवावा आणि कमी-जास्त बाहेरच्या उपकरणावर करावं.

इतका खटाटोप कशासाठी?

२००७ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात एक प्रयोग छापून आला होता. एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओच्या आवाजाच्या वाटेत गुपचूप सीडीच्या मापाचं रूपांतर घातलं, तर ऐकणाऱ्यांना नेहमीच्या पातळीवर फरक सांगता आला नाही. पण त्याच अभ्यासात नोंद आहे की या डिस्क बहुतेक सीडींपेक्षा सरस वाटल्या, आणि त्याचं श्रेय लेखकांनी ध्वनिमुद्रण आणि मास्टरिंगच्या, म्हणजे डिस्कसाठी आवाजावर शेवटचा हात फिरवण्याच्या, काळजीला दिलं. मला हे पटतं. मोठे आकडे हा मुद्दा नाहीच. दाट थरावर अनेकदा वेगळं मास्टरिंग असतं, सहा चॅनलचं स्वतंत्र मिश्रण असतं, आणि ते दुसरीकडे कुठे मिळत नाही. ज्या अभियंत्याने ते मिश्रण केलं त्याचं काम ऐकायचं, तर तो थर वाजला पाहिजे.

तपासायचं कसं? प्लेअरच्या स्थितीपट्टीकडे पाहावं. एसएसीडी लावली असून ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, २ चॅनल दिसत असेल तर सीडीचा थर वाजतोय. २८२२ किलोहर्ट्झ, १ बिट दिसलं तर डीएसडी. एचडीसीडी उलगडत असेल तर बिटांचा आकडा १६ च्या वर जातो. डीव्हीडी-ऑडिओत कोडेकचं, म्हणजे आवाज गुंडाळण्याच्या पद्धतीचं, नाव एमएलपी किंवा पीसीएम हवं, डॉल्बी डिजिटल दिसलं तर फोल्डर चुकला. मग डॅकवरचा दिवा किंवा आकडा स्थितीपट्टीशी जुळतो का ते पाहावं. प्लेअर १९२ म्हणतो आणि डॅक ४८ दाखवतो, म्हणजे गडबड वाटेत आहे. जो प्लेअर यातलं काही दाखवतच नाही, तो या डिस्कांसाठी वापरू नये असं मी स्पष्ट सांगेन.

साठवताना कच्चा माल जसाच्या तसा ठेवावा आणि उलगडणं वाजवतानाच करावं. एचडीसीडी आणि डीटीएस सीडी फ्लॅकमध्ये, फाइलीच्या माहितीत तशी नोंद करून. डीएसडीसाठी डीएसएफ बरं, कारण त्यात गाण्याची माहिती ठेवायला ठरलेली जागा आहे. डीएफएफमध्ये अशी सर्वमान्य जागा नाही, त्यामुळे एका प्लेअरमध्ये भरलेली नावं दुसऱ्यात दिसतील याचा भरवसा नसतो. जागा कमी पडत असेल तर वेवपॅक हा फॉरमॅट २०१६ पासून डीएसडीही न गमावता लहान करतं, पण आपला प्लेअर त्या फाइली उघडतो का ते एका गाण्यावर आधी करून पाहावं.